डबीतलं ॲक्रिलिक

नागपूर-अमरावती महामार्गावर तळेगाव (श्यामजी पंत)ला आर्वी आणि आष्टीचे रस्ते फुटतात. अशा फाट्यावरच्या गावात लग्नसराईत जे कॉम्पॅक्ट विकलं जातं, त्याच्या डबीमागे मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत घटकांची यादी असते. तिच्यात पुष्कळदा एक लांबलचक नाव सापडतं : पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट. म्हणजे ॲक्रिलिक प्लास्टिक. दुकानांच्या चकचकीत पाट्या याच्याच असतात.

पावडरीत मात्र त्याचे अगदी बारीक गोल मणी असतात, साधारण 5 ते 20 मायक्रॉनचे. आपला केस 70 मायक्रॉनच्या आसपास जाड असतो. हे मणी बोटाखाली घरंगळतात, म्हणून पावडर रेशमी लागते. त्यांच्यावर पडलेला उजेड चहूकडे विखुरतो आणि सुरकुत्यांच्या कडा पुसट होतात. सुरकुती जागेवरच राहते, फक्त नजरेला चुकते. जाहिरातीतली जादू ती एवढीच.

प्लास्टिक म्हटल्यावर त्वचेची काळजी वाटते, पण ती इथे फारशी लागू नाही. दुसऱ्या महायुद्धात विमानाच्या काचेचे, म्हणजे याच ॲक्रिलिकचे, तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत घुसले. डोळ्याने ते निमूट सोसले, हे हॅरल्ड रिडली या डॉक्टरांनी हेरलं आणि 1949 मध्ये लंडनला मोतीबिंदूच्या रुग्णाच्या डोळ्यात याच प्लास्टिकचं भिंग बसवलं. पुढे कित्येक वर्षं खेडोपाडीच्या शिबिरांत आपल्या आजी-आजोबांच्या डोळ्यांत गेलेली कडक भिंगं याच जातीची. डोळ्याला जे चालतं, ते गालाला चालेल!

नखांचं प्रकरण वेगळं. ज्या द्रवापासून हे प्लास्टिक बनतं, तो मिथाइल मेथाक्रिलेट कृत्रिम नखं बनवायला वापरला जाई. त्याने त्वचेला ॲलर्जी होते, नखं खराब होतात. अमेरिकेत 1970 च्या दशकातच शुद्ध स्वरूपात तो वापरणाऱ्या मालावर कारवाई झाली. घट्ट झालेलं प्लास्टिक आणि न घट्ट झालेला द्रव, यांत हा फरक आहे. पार्लरमध्ये नखं करून घेताना फार उग्र वास आला, तर कोणता द्रव आहे ते बेधडक विचारावं.

खरी अडचण चेहरा धुतल्यावर सुरू होते. गालावरचे मणी मोरीत, मोरीतून नाल्यात आणि तळेगावच्या पट्ट्यात शेवटी वर्धा नदीत. ते कुजत नाहीत आणि नदीतून वेचून काढताही येत नाहीत. युरोपीय संघाने 2023 मध्ये सौंदर्यप्रसाधनांत मुद्दाम घातलेल्या अशा कणांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली : धुऊन टाकायच्या मालाला 2027 पर्यंत मुदत, अंगावर ठेवायच्या क्रीमला 2029, मेकअपला थेट 2035. मेकअपला एवढी सवलत कशाला, हे मला पटत नाही. रेशमी स्पर्श सिलिका किंवा मक्याच्या स्टार्चनेही बऱ्यापैकी साधतो.

तेव्हा पुढच्या वेळी डबी घेताना ती उलटी करा. मागे ते लांबलचक नाव दिसलं, तर दुकानदाराला दुसरी दाखवायला सांगा. गिऱ्हाईक मागेल तोच माल तो पुढच्या खेपेला भरतो.