रताळे : उपवासाच्या ताटातील दूरदेशीचा पाहुणा

महाशिवरात्रीस अकोले तालुक्यातील हरिश्चंद्रगडावर यात्रा भरते, त्या दिवशी आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात गुळाखोबऱ्यासह उपवासाच्या ताटात विराजमान होणारे रताळे मूळचे अमेरिका खंडातील असून पोर्तुगीज अमदानीत ते हिंदुस्थानात रुजले, हे वाचून पुष्कळांस नवल वाटेल. स्पॅनिश अंमलाखालील फिलिपिन्समध्येही अमेरिकेहून कसावाचा कंद गेला. तो किसून, साखरपाण्यात कालवून, वाफवून, ओल्या नारळाच्या किसात घोळवला की ‘पिची-पिची’ हे तेथील लोकप्रिय मिष्टान्न सिद्ध होते. आणि आपला साबुदाणाही त्याच कंदाच्या सत्त्वाचा! रताळे मात्र पाण्यात न उकडता चाळणीत वाफवावे, म्हणजे त्याचे माधुर्य त्यातच राहते, असा माझा अनुभव आहे.