समुद्रातली भांडी आणि उदाचा धूर

दक्षिण कोरियातल्या सिनानजवळ १९७५ साली एका मच्छीमाराच्या जाळ्यात हिरवट झिलईची चिनी भांडी आली. तिथे बुडालेल्या एका जहाजाचं उत्खनन १९८४पर्यंत चाललं. चीनहून जपानच्या हाकाता बंदराकडे निघालेलं ते जहाज १३२३ साली बुडालं होतं. मालाला बांधलेल्या, तारखा लिहिलेल्या लाकडी पट्ट्याही पाणबुड्यांनी जपून वर आणल्या, म्हणून हे साल कळलं. वीस हजारांवर भांडी निघाली, त्यांत धूपपात्रंही होती. शिवाय २८ टन नाणी आणि रक्तचंदनाचे हजारावर ओंडके.

रक्तचंदन मूळचं आपल्याकडचं, मुख्यतः आंध्रातल्या डोंगरांतलं. आमच्या घरी ते औषधांच्या डब्यात असे. मुका मार लागला की आजी सहाणेवर उगाळून लेप लावायची. त्याला वास बेताचाच. घर भरून टाकायचा तो ऊद. धाकट्या बहिणीला न्हाऊ घातलं की शेगडीतल्या निखाऱ्यांवर ऊद, ओवा, बाळंतशेपा टाकून तिला धुरी देत. आईच्या पातळाला तो वास दिवसभर असे. वाण्याच्या पुडीतला तो ऊद म्हणजे सुमात्रासारख्या बेटांवरच्या झाडांचा वाळलेला चीक, हे मला फार पुढे कळलं.

त्या बेटांकडे चीनमधून भांडी जात आणि परतीला सुगंधी माल येई. चीनमधल्या छुआनचौ बंदराजवळ १९७४ साली तेराव्या शतकातलं असं एक परतीचं जहाज उकरलं गेलं. त्यात सुमारे २४०० किलो सुगंधी लाकूड होतं, मिरी होती, अंबर होता.

जावा समुद्रातल्या जहाजाची गोष्ट मला सगळ्यांत मोलाची वाटते. त्यावर लाखभर भांडी होती आणि सुमारे २०० टन लोखंड. ते तेराव्या शतकातलं मानलं जाई. शिकागोच्या फील्ड म्युझियममधल्या संशोधकांनी एका डबीच्या बुडावरचं चिनी ठिकाणाचं नाव नव्यानं वाचलं, हस्तिदंत आणि राळेचे तुकडे पुन्हा तपासले, आणि २०१८ साली जहाजाचा काळ बाराव्या शतकात नेला. राळेच्या त्या खड्यांना लिलावात कोणी विचारलं नसतं.

म्हणूनच विक्रीसाठी केलेला उपसा मला पटत नाही. इंडोनेशियातल्या बेलितुंगजवळ १९९८ साली सापडलेल्या जहाजातल्या एका वाडग्यावर इसवी सन ८२६ची तारीख आहे. साठ हजारांच्या आसपास वस्तू निघाल्या, त्यांतल्या बहुतेक आज सिंगापूरकडे आहेत, संग्रह देखणा आहे. पण तो उपसा एका खासगी कंपनीनं केला होता, आणि त्यावरून उठलेल्या वादात वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनमधलं नियोजित प्रदर्शन बारगळलं.

आपल्या गोव्यातही सुंची खडकाजवळ सतराव्या शतकातल्या जहाजाचे अवशेष आहेत. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पाणबुड्यांना तिथे चिनी भांड्यांचे तुकडे, हस्तिदंत, पाणघोड्याचे दात मिळाले. कोकण-गोव्यातल्या दर्यावर्दी वाचकांना एवढंच सांगणं आहे: जाळ्यात खापर आलं, राळेचा काळपट खडा आला, तर तो फेकू नका. जागा टिपून ठेवा आणि पुरातत्त्व खात्याला कळवा.