विजेचा झटका आणि अळिंबीचे पीक

पावसाळ्याच्या तोंडाला विजा कडाडल्या की वारुळाजवळ अळंबी शोधायला आपली जुनी माणसे निघतात. जपानातही वीज आणि अळिंबीचा असाच संबंध सांगतात. तेथील इवाते विद्यापीठाच्या कोइची ताकाकी व सहकाऱ्यांनी तो प्रयोगाने तपासला आणि २०१० मध्ये त्याची बातमी जगभर गेली.

त्यांनी शिताके अळिंबीचे बियाणे भरलेल्या ओंडक्यांना ५० हजार ते १ लाख व्होल्टचा झटका दिला. पण किती वेळ? सेकंदाचा एक कोटीवा भाग! उत्पन्न साध्या ओंडक्यांच्या दुपटीपर्यंत गेले. दहा जाती तपासल्या, त्यांपैकी आठ जातींनी दाद दिली.

असे का व्हावे? झटक्याने बुरशीचे तंतू हलतात, तुटतात आणि जिवावर बेतल्यासारखी ती छत्र्या काढू लागते, असा अंदाज आहे. आपण संत्र्याचे पाणी तोडून ताण देतो नि बहार धरतो, तसेच काहीसे समजा.

हे एका शिबिरात सांगितले, तर एक तरुण म्हणाला, "साहेब, मोटारीच्या वायरचं टोक पिशवीला लावलं तर?" अहो, भलतेच! त्या यंत्रातला झटका क्षणात संपतो. आपल्या वायरमधली वीज वाहतच राहते. त्यात काड ओले, जमीन ओली, हात ओले. पीक राहील बाजूला, घरातला माणूस जाईल. बचत गटाला शेड देणाऱ्या ग्रामपंचायतींनीही तेथील वायरिंग व अर्थिंग आधी तपासून घ्यावे.

आपल्या धिंगरीला विजेवाचूनही जागे करता येते. बियाणे भरलेल्या पिशव्या १५ ते २० दिवस अंधारात ठेवा. काड पांढऱ्या बुरशीने घट्ट बांधले गेले की पिशवी फाडून काढा आणि खोलीत उजेड व मोकळी हवा येऊ द्या. हवा बदलली की तीन-चार दिवसांत टाचणीच्या डोक्याएवढे कोंब दिसू लागतात. बरेच जण इथेच चुकतात. गारवा टिकावा म्हणून दारे-खिडक्या बंद ठेवतात, मग देठ लांब नि छत्री बारीक येते. गोणपाट ओले ठेवा, पाणी फवाऱ्यानेच द्या, कोंबांवर धार सोडू नका. पहिली तोडणी झाल्यावर देठांचे तुकडे खरवडून काढा. आठ-दहा दिवसांत त्याच काडावर दुसरे पीक येते.