ऊस वाहतुकीपूर्वी ट्रॅक्टरच्या ब्रेकची व बॅटरीची घरगुती तपासणी

कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिम भागात पावसाळाभर ट्रॅक्टर भाताच्या चिखलणीत राबतो आणि गाळप हंगाम सुरू होताच त्याच ट्रॅक्टरला उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडून परिते, कुडित्रे किंवा बिद्रीचा रस्ता धरला जातो. शेतातील चिखलात ब्रेकची कसोटी फारशी लागत नाही. ती लागते राधानगरी-गगनबावड्याकडील उतारावर. बैलगाडी उतरणीला लागली की बैल स्वतःच भार मागे रेटून धरतात. ट्रॉलीला असे धरणारे कोणी नसते. सुमारे दोन टनांचा ट्रॅक्टर पुढे आणि त्याच्या कित्येक पट वजनाचा ऊस मागे, अशा स्थितीत ब्रेक एका बाजूस ओढू लागले तर ट्रॉली ट्रॅक्टरलाच आडवी फिरविते. म्हणून ट्रॉली जोडण्यापूर्वी घरीच थोडा वेळ तपासणीस देणे अगत्याचे आहे.

ट्रॅक्टरला डाव्या व उजव्या मागील चाकासाठी ब्रेकची दोन स्वतंत्र पायटे असतात. शेतात वळताना ती सुटी ठेवली जातात. रस्त्यावर मात्र ती पट्टीने एकत्र जोडलेलीच असली पाहिजेत. ही पट्टी वाकलेली वा हरवलेली आढळणे ही दुर्दैवाने नित्याची गोष्ट आहे. पायटे जोडून, ट्रॉलीविना, कोरड्या सपाट मैदानावर ट्रॅक्टर अगदी सावकाश चालवावा व ब्रेक दाबावा. दोन्ही चाके सारखीच थांबली पाहिजेत. ट्रॅक्टर उजवीकडे ओढला गेला, तर डावा ब्रेक कमी पडत आहे असे समजावे. दोन्ही पायटांची मोकळी चाल पट्टीने मोजून पाहावी; ती माहितीपुस्तिकेत दिल्याप्रमाणे व दोहोंकडे सारखी करणे बहुतेक ट्रॅक्टरांत शेतकऱ्यास स्वतः करता येते.

ब्रेक कोरड्या प्रकारचे असून चिखलणीनंतर ते कमी धरू लागले, तर आत पाणी गेले असण्याचा संभव असतो. पायट हलके दाबून ट्रॅक्टर थोडे अंतर सावकाश चालविल्यास ते सुकतात. मात्र मागील चाकाच्या आतील बाजूस तेलाचे ओघळ दिसले, तर सील गळून तेल ब्रेकपर्यंत पोहोचले असे धरावे. येथे पुसापुशीचा उपयोग नाही. सील व अस्तर बदलण्यासाठी जाणत्या मेस्त्रीकडेच गेले पाहिजे. तेलाच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकचे पायट स्पंजासारखे लागले तर नळीत हवा असते. दाबून धरले असता ते हळूहळू खाली गेले तर कोठेतरी गळती असते. अशा ब्रेकमध्ये इंजिनचे तेल कदापि घालू नये. त्याने रबर फुगून निकामी होते.

आता बॅटरीकडे. ऊस रात्रीही कारखान्यावर जातो, आणि मागील दिवा विझलेली ट्रॉली अंधारात मोटारसायकलस्वारास दिसत नाही. दिवे मंद झाले की बहुधा बॅटरीस दोष दिला जातो व नवी आणली जाते. पुष्कळदा खोट असते ती बॅटरी भरणाऱ्या यंत्रणेत. किल्ली फिरविताच चार्जिंगचा दिवा लागला पाहिजे व इंजिन सुरू होताच विझला पाहिजे. न विझल्यास इंजिन बंद करून प्रथम पंख्याचा पट्टा पाहावा. अंगठ्याने दाबला असता तो साधारण एक ते दीड सेंटिमीटर दबावा. अधिक सैल असेल तर ताणून घ्यावा.

साध्या मीटरने अधिक उलगडा होतो. पूर्ण भरलेली १२ व्होल्टची बॅटरी विश्रांतीनंतर सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. इंजिन चालू असता आकडा १३.८ ते १४.४ च्या दरम्यान यावा. तो मुळीच वाढला नाही तर अल्टरनेटर किंवा त्याचे जोडकाम तपासावे. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडला आहे. बॅटरीतील पाणी वरचेवर आटते त्याचे कारण बहुधा हेच. पाणी घालणे ते शुद्ध केलेलेच घालावे, आम्ल नव्हे. टोकांवरील पांढरट-हिरवा थर काढण्यासाठी इंजिन बंद करून आधी ऋण तार सोडावी, गरम पाण्यात खाण्याचा सोडा कालवून टोके धुवावी, कोरडी करून व्हॅसलिन लावावे आणि ऋण तार शेवटी जोडावी. त्या वेळी जवळपास विडी पेटवू नये, कारण बॅटरीतून निघणारा वायू भडकतो.

इंजिन चालू असता बॅटरीची तार काढून पाहण्याची युक्ती अजूनही सांगितली जाते. ती डायनामोच्या काळातील आहे. अल्टरनेटरचे डायोड तिने क्षणात जळतात. हंगामापूर्वी ट्रॉलीचा हूक वेल्डिंग करून घेतानाही बॅटरीच्या व अल्टरनेटरच्या तारा सोडून ठेवाव्यात.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी एखाद्या संध्याकाळी चावडीपुढे दोन-चार ट्रॅक्टर आणवून ही तपासणी करून दाखविल्यास फार उपयोग होईल. अंधार पडल्यावर ट्रॉली जोडावी, एकाने ब्रेक दाबावा व दुसऱ्याने पन्नास पावले मागे जाऊन दिवा दिसतो का ते सांगावे.