वासरं हिवाळ्यात मुद्दाम हडकुळी का ठेवतात?

अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात मांसासाठी पाळलेल्या गायी बहुतेक वसंतात वितात. शरद ऋतूत वासरं आईपासून तोडतात; कुरणावर भरपूर हिरवं गवत मिळतं ते थेट मे महिन्यात. मधले सहा-सात महिने वैरण-खुराकावर काढायचे. नफा बुडतो तो इथेच.

मका चारून वासराचं वजन रोज किलोभर वाढवता येतं. तरी अनेक पशुपालक अर्ध्या किलोच्या आसपास थांबतात. बेताने वाढलेलं जनावर कुरणावर गेलं की झपाट्याने अंग धरतं, धष्टपुष्ट वासरू तिथे संथ वाढतं. याला ‘भरपाई वाढ’ म्हणतात. उन्हाळ्यात आटलेली जनावरं पावसाळी गवतावर कशी भरतात, हे आपल्याकडेही दिसतंच.

पण मागे पडलेल्या वजनाचा काही भागच असा भरून निघतो. म्हणून उपाशी ठेवणं ही बचत नव्हे. प्रथिनं तोडली तर हाडापेराची वाढही खुंटते. तिथे मका काढलेल्या शेतातली ताटं चारतात आणि जोडीला इथेनॉल कारखान्यातला मक्याचा चोथा देतात. कोरड्या वजनावर त्यात सुमारे ३० टक्के प्रथिनं असतात. ओला चोथा स्वस्त दिसतो खरा, पण १०० किलोत साधारण ६५ किलो पाणीच! भाव कोरड्या वजनावरच काढायला हवा, वाहतूक धरून.

आणि वासरं वसंतातच विकायची असतील तर? मग गवतावरची ती स्वस्त वाढ घेणाऱ्याच्या पदरात पडते.