जुना रिसीव्हर, वेगळा ॲम्प्लिफायर : जोडणी कशी करावी?

१९७० आणि १९८० च्या दशकांत आखाती देशांत कमावायला गेलेले कोकणातील आपले बांधव सुट्टीवर येताना जपानी बनावटीचे टेप व स्टिरिओ आणत. त्यातले कित्येक सेट आजही घराघरांत माळ्यावर पडून आहेत, काही मुंबईच्या चोरबाजारात विक्रीला दिसतात. असा रिसीव्हर दुरुस्तीला आला की पुष्कळदा एकच उत्तर मिळते : "आउटपुटचा आयसी मिळत नाही, भंगारात काढा." आमच्या मते हे उत्तर घाईचे आहे. त्यात गिऱ्हाइकाचा चांगला सेट वाया जातो आणि कारागिराची मजुरीही बुडते. म्हणून रिसीव्हरला वेगळा ॲम्प्लिफायर जोडण्याची रीत आम्ही येथे देत आहोत.

प्रथम रिसीव्हर म्हणजे काय ते पाहू. एकाच पेटीत तीन यंत्रे असतात. पहिला रेडिओचा ट्युनर, दुसरा प्रि-ॲम्प्लिफायर, ज्यात व्हॉल्यूम, बास, ट्रेबल व रेकॉर्डप्लेअरचा भाग येतो, आणि तिसरा पॉवर ॲम्प्लिफायर, जो स्पीकर चालवतो. सर्वात जास्त तापतो तो तिसरा भाग, आणि बहुधा जळतो तोही तोच. पहिले दोन भाग शाबूत असतील तर तिसऱ्याचे काम बाहेरच्या ॲम्प्लिफायरकडून करून घेता येते. जुन्या जाडजूड आयसींच्या जागी बाजारात नकली माल भरपूर आहे. तो घालून पुन्हा पुन्हा सेट उघडण्यापेक्षा हा मार्ग अनेकदा स्वस्त पडतो.

आता सेटची पाठ पाहावी. तीनपैकी एक गोष्ट आढळेल.

१) प्रि-आउट आणि मेन-इन : ही सर्वात उत्तम सोय. मॅरांट्झ २२७० हा १९७० च्या दशकातला प्रसिद्ध रिसीव्हर घ्या. त्याच्या पाठीवर प्रि-आउट व मेन-इन असे जॅक असून ते धातूच्या लहान यू आकाराच्या पिनांनी एकमेकांना जोडलेले असतात. पिना काढून प्रि-आउटमधून आरसीए वायर बाहेरच्या ॲम्प्लिफायरच्या इनपुटला द्यावी. व्हॉल्यूम, बास, ट्रेबल सारे रिसीव्हरवरूनच चालते. काढलेल्या पिना पिशवीत घालून गिऱ्हाइकाच्या हवाली कराव्यात. त्या हरवल्या आणि पुढे कोणी सेट मूळ पद्धतीने चालवू पाहिला तर स्पीकर मुकेच राहतील. अशा वेळी आखूड आरसीए वायरचा तुकडाही पिनेचे काम करतो. एक बाजू मध्येच जात-येत असेल तर सेट उघडण्याआधी या पिना घासून स्वच्छ कराव्यात. गंज चढला की हाच दोष दिसतो.

२) टेप-आउट : प्रि-आउट नसेल तर रेकॉर्डिंगसाठी दिलेला हा जॅक वापरावा. मात्र येथील सिग्नल व्हॉल्यूमच्या आधी निघतो. रिसीव्हरचा व्हॉल्यूम, बास, ट्रेबल यांचा त्यावर काही परिणाम होत नाही. म्हणून बाहेरच्या ॲम्प्लिफायरला स्वतःचा व्हॉल्यूम असलाच पाहिजे, नाहीतर चालू करताच आवाज पूर्ण जोरात येईल.

३) पाच पिनांचा गोल डिन सॉकेट : हा युरोपीय धर्तीच्या सेटवर असतो. रिसीव्हरच्या टेप सॉकेटमध्ये मधली २ क्रमांकाची पिन अर्थ, १ व ४ या पिना डावी-उजवी बाजू बाहेर देणाऱ्या, तर ३ व ५ या आत घेणाऱ्या. डिनमधून निघणारा सिग्नल फार हलका असतो. आवाज बारीक आला तर सेट बिघडला असे समजू नये, मध्ये लहानसा प्रि-ॲम्प लावावा.

आता सर्वात महत्त्वाची ताकीद. स्पीकरच्या टर्मिनलमधून वायर काढून सरळ ॲम्प्लिफायरच्या आरसीए इनपुटला कधीही देऊ नये. हिशेब सोपा आहे. मॅरांट्झ २२७० ची ताकद ८ ओहमवर प्रत्येक बाजूला ७० वॅट. म्हणजे पूर्ण जोरात स्पीकरच्या टर्मिनलवर सुमारे २४ व्होल्ट येतात. बहुतेक पॉवर ॲम्प्लिफायर एक-दोन व्होल्टमध्येच पूर्ण आवाज देतो. दहापटीहून जास्त दाब पडला तर आवाज फाटेल आणि इनपुट जळूही शकेल. दुसरा मार्गच नसेल तर मोटारीच्या स्टिरिओसाठी मिळणारा लाइन कन्व्हर्टर मध्ये घालावा. काही सेटमध्ये स्पीकरचे निगेटिव्ह टर्मिनल अर्थला जोडलेले नसते, ते आधी मीटरने तपासावे. त्याचप्रमाणे दोन ॲम्प्लिफायरचे आउटपुट एकाच स्पीकरला जोडू नये, दोन्ही जातील.

जोडणीपूर्वी चार तपासण्या कराव्यात.

पहिली, व्होल्टेजची. जपानच्या देशी बाजारातला सेट १०० व्होल्टचा, अमेरिकेतला १२० व्होल्टचा असतो. आपल्याकडे २३० व्होल्ट. निर्यातीच्या सेटवर पाठीमागे व्होल्टेज बदलायचे बटन असते, ते पाहूनच प्लग लावावा. बटन नसेल तर स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर घ्यावा, तोही सेटच्या खर्चाच्या दीडपट क्षमतेचा. जपानच्या देशी सेटचा एफएम पट्टा ७६ ते ९० मेगाहर्ट्झ होता, आपल्याकडे स्टेशने ८८ ते १०८ मध्ये लागतात. रेडिओसाठी असा सेट घेणाऱ्या गिऱ्हाइकाला विकण्यापूर्वीच हे सांगावे.

दुसरी, जळालेल्या भागाची. आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट असेल तर आधी तो काढून किंवा त्या भागाचा पुरवठा तोडून मगच सेट चालू करावा. वर्षानुवर्षे बंद असलेला सेट पहिल्यांदा सिरीज बल्बवर चालवावा. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. पूर्ण तेजाने जळत राहिला तर आत शॉर्ट आहे.

तिसरी, डीसीची. प्रि-आउटवर मीटर लावून डीसी व्होल्टेज मोजावे. काही मिलिव्होल्ट असेल तर हरकत नाही. त्याहून बरेच जास्त असेल तर जुना कपॅसिटर गळतो आहे, तो बदलावा. नाहीतर काही ॲम्प्लिफायर हा डीसी जसाच्या तसा वाढवून स्पीकरची कॉइल जाळतात.

चौथी, घरघरीची. दोन्ही यंत्रे एकाच बोर्डावर लावावीत, सिग्नलची वायर आखूड ठेवावी आणि विजेच्या वायरीपासून दूर न्यावी. रेकॉर्डप्लेअर असेल तर त्याची अर्थची बारीक वायर रिसीव्हरच्या अर्थ स्क्रूला जोडावी. घरघर जावी म्हणून थ्री-पिनची अर्थ कापण्याची जी सवय काही ठिकाणी आहे ती सोडून द्यावी. घरघर गेली तरी एखाद्या दिवशी पेटीला करंट येऊन माणूस जाईल.

चालू करण्याचा क्रमही गिऱ्हाइकाला शिकवावा. आधी रिसीव्हर, मागाहून ॲम्प्लिफायर. बंद करताना आधी ॲम्प्लिफायर, मग रिसीव्हर. उलट केले तर धाडकन ठोका बसतो आणि स्पीकरला इजा होते.

याच जॅकचा उलटा उपयोगही ध्यानात ठेवावा. ट्युनर वा प्रि-ॲम्प बिघडला पण पॉवरचा भाग चांगला असेल, तर मेन-इनला बाहेरचा प्रि-ॲम्प जोडून तो भाग कामाला लावता येतो. मोबाइल सरळ जोडायचा असेल तर त्याचा आवाज आधी अगदी कमी ठेवावा, कारण मेन-इनच्या पुढे रिसीव्हरचा व्हॉल्यूम चालत नाही.

शेवटी धंद्याची गोष्ट. काय बदलले, कुठली वायर कुठे जोडली, कोणता भाग बंद ठेवला, हे बिलावर स्वच्छ लिहून द्यावे आणि सेटच्या पाठीवर चिठ्ठी चिकटवावी. बंद पडलेला भाग दुरुस्त केला असे सांगून पैसे घेऊ नयेत, वेगळा ॲम्प्लिफायर जोडला असेच सांगावे. जुने सेट आणणारा गिऱ्हाईक चोखंदळ असतो, तो चौकशी करतो आणि चार ठिकाणी बोलतो. त्याचा सेट वाजता करून खरे बोललात तर पुढचा सेट तो दुसऱ्या दुकानात नेणार नाही.