एकच वस्तू, पण कोणती?

मुलांनो, सदाशिव पेठेतल्या माझ्या वर्गातला चौथीचा एक वीर परवा रडकुंडीला आला. "बाई, पोकेमॉनच्या गेममध्ये मी सारखा हरतो. माझा गडीच लेचापेचा!"

मी विचारलं, "त्याच्याजवळ वस्तू कोणती दिलीस?" स्वारी गप्प!

१९९९ सालच्या 'गोल्ड' आणि 'सिल्व्हर'पासून या खेळात पोकेमॉनला जवळ एक वस्तू बाळगता येते. एकच हं! 'चॉइस बँड'ने अंगबळाच्या हल्ल्याचा जोर दीडपट होतो. पण मैदानात असेपर्यंत एकच डाव टाकता येतो. 'लेफ्टओव्हर्स' दर फेरीला एकूण शक्तीचा सोळावा हिस्सा भरून देतं. ते मार सोसणाऱ्या दणकट गड्याला द्यावं. नाजूक गड्याला 'फोकस सॅश'. शक्ती पूर्ण असेल तर एका जबर फटक्यातून तो जेमतेम वाचतो, पण एकदाच!

म्हणजे आधी समोरचा ओळखायचा. १० नोव्हेंबर १६५९ रोजी अफझलखानाला भेटायला जाताना शिवरायांनी अंगरख्याखाली चिलखत घातलं, ते उगाच का?

आमच्या वीराने 'सॅश' दिली. गडी एका गुणावर तगला आणि उलटा वार करून जिंकला! लेचापेचा गडी नव्हता, तयारी होती. पटलं ना?